म्हशीच्या डोहातली धोंडी

आमच्या घरात भिंतीतल्या देवळीत देव होते आणि वरच्या फळीवर पत्रकं होती. याडी, म्हणजे माझी आई, दोन्हींवरची धूळ एकाच फडक्याने झटकायची. देवाला वेगळं फडकं ठेव, असं शेजारच्या जनाकाकीने तिला एकदा सुचवलं होतं. याडी म्हणाली, "देवाले चालते. कागदाले विचारून सांगतो."

पत्रकं बाची होती. माझा बा शेतमजुरांच्या सभेचं काम करायचा. घाटंजीच्या एका छापखान्यातून पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदाचे गठ्ठे एसटीने यायचे, वाटून उरलेले घरात राहायचे. अक्षरं मी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ते त्या गठ्ठ्यांवर. पाठकोरी बाजू माझी वही होती; एका अंगाला मजुरीची मागणी आणि दुसऱ्या अंगाला माझे चुकलेले भागाकार. त्याच कागदात भाकरी बांधून वावरात जायची, त्याच कागदाच्या पुड्यांत याडी तिखट भरून ठेवायची. 'जाहीर निषेध' हे एखाद्या मसाल्याचं नाव असावं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आज लोक म्हणतात, तू फार तिखट लिहितेस. म्हणोत. मला फिकं लिहायला कोणी शिकवलंच नाही.

बा शिकवायचा तेही जेवताना. ताटात ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, वर कच्च्या तेलाची धार, आणि बा बोटाने ताटाच्या काठावर ओळी मारून दाखवायचा. "पहिल्या ओळीत कोनं केलं ते लिहाचं. दुसऱ्या ओळीत काय केलं. तिसऱ्या ओळीत आपल्याले काय पायजे. रडगानं नाही." याडी म्हणायची, "चौथ्या ओळीत लिहा, भाजी थंडी होऊन राह्यली." अजून एक नियम होता, तो बा हसत हसत सांगायचा पण त्यावर तो ठाम होता. पत्रक नेहमी वर जातं. तहसीलदार, साहेब, मंत्री. आपल्या माणसाविरुद्ध पत्रक काढायचं नसतं.

घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायचो आणि बाहेर वऱ्हाडीत. इथे मी सगळं वऱ्हाडीतच लिहिते आहे, वाचणाऱ्याला कळावं म्हणून. याडीला मात्र याडीच म्हणणार. त्यावर तडजोड नाही.

आमचा तांडा घाटंजी आणि आर्णीच्या मधल्या माळावर आहे. पूर्वज बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे. ते या नदीच्या काठाशी कधीतरी थांबले आणि मग थांबलेच. नदी म्हणते खरी, पण सरकारी नकाशात तिला नाला म्हटलंय. पावसाचे चार महिने ती वाहते, दिवाळीपर्यंत तिचे डोह उरतात, आणि होळीनंतर नुसती वाळू. ज्यांनी बारमाही नदी पाहिली आहे त्यांना ही नदी मेलेली वाटते. मला तसं कोणी म्हटलं की राग येतो. ती मेलेली नसते. तिची माणसं जमिनीखाली गेलेली असतात.

माणसं म्हणजे बेडूक. उन्हाळभर ते धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, मातीत निजून असत. वखर मारताना एखादा वर यायचा, ढेकळासारखाच, डोळे मिटलेला. बा त्याला तळहातावर घ्यायचा, धुऱ्यात खळगा करून ठेवायचा आणि वर माती लोटायचा. मग नदीला पूर आला की पिवळेधमक मोठे बेडूक डोहाच्या काठाशी बसून गळ्याचे फुगे फुगवत ओरडायचे. त्यांच्याखाली बारक्यांची किरकिर, आणि त्याच्याही खाली कोणीतरी दगडावर दगड आपटल्यासारखं टक, टक. आमच्या घरात त्या दिवसांत कोणी हळू बोलत नसे, कारण ऐकूच जात नसे. याडी रांजण पालथा ठेवायची, चपला उचलून ठेवायची, तरी एखादा चुलीच्या राखेत सापडायचाच. "पाहुना आला," म्हणत ती त्याला सुपात घेऊन बाहेर सोडून यायची. आठवड्याभरात डोहाच्या कडेला काळ्या ठिपक्यांची साय धरायची, मग शेपट्या हलायच्या, मग मागचे पाय फुटायचे. त्यांना सगळं घाईत उरकावं लागे. डोह आटायच्या आत पाय फुटले तर जगले.

ही घाई मी लहानपणी रोज पाहिली आहे, म्हणून पुढचं जे सांगते ते मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. मी दहावीत जाईपर्यंत नदीचा काठ बदलला होता. धुरे ट्रॅक्टरने मोडून पेरणीखाली घेतले. जे उरले त्यांवर तणनाशक मारलं जायचं, म्हणून ते ऐन पावसाळ्यात पिवळे दिसायचे. कपाशीवर, सोयाबीनवर फवारे वाढले. माझा थोरला भाऊ इंदल, ज्याला मी दादा म्हणते, फवारणीच्या कामाला जायला लागला. पाठीवर पेट्रोलचा पंप, तोंडाला रुमाल. पंपाला पाणी लागतं. विहीर लांब, नदी वाटेवर. तेव्हा सगळेच पंप म्हशीच्या डोहावर भरायचे आणि संध्याकाळी तिथेच धुवायचे. म्हशींचं तिथे बसणं केव्हाच बंद झालं होतं, नाव तेवढं राहिलं होतं.

त्या वर्षी पेरण्या झाल्या, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चार पानांवर आली आणि पावसाने तोंड फिरवलं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. नदीची धार तुटून दोनच डोह उरले: खालचा म्हशीचा मोठा डोह, आणि वरच्या अंगाला, वाळूच्या बांधापलीकडे, गुडघाभर पाण्याचं एक डबकं. तांड्याने धोंडी काढायचं ठरवलं. धोंडी म्हणजे मुसळाला कडुलिंबाचा पाला बांधून त्यात जिवंत बेडूक ठेवायचा आणि पोरांनी गाणं म्हणत घरोघर फिरायचं. प्रत्येक घरची बाई मुसळावर तांब्याभर पाणी ओतते आणि सुपात दाणे टाकते. शेवटी बेडूक पाण्यात सोडून द्यायचा, त्याने वर सांगावं म्हणून. तो जिवंत सुटला पाहिजे, ही एकच अट. आमच्या तांड्यात ही रीत बाजूच्या गावाकडून आली असावी, पण आली ती पक्की बसली.

मुसळ धरायचं ठरलं माझं आणि जनाकाकीच्या पोरीचं. बेडूक आणायचा मान माझा, कारण बेडूक धरण्यात माझा हात कोणी धरत नसे. पूर्वी हे काम एवढं सोपं होतं की त्याला मान म्हणणंच हास्यास्पद होतं. अंगणातलं एक टोपलं उचललं तरी खाली दोन असायचे. त्या दिवशी मी सकाळभर फिरले. धुरे पालथे घातले, गोठ्यातला ओलावा उकरला, शाळेच्या नळाखाली पाहिलं. काही नाही. शेवटी म्हशीच्या डोहाच्या काठाशी, चिखलात, एक पिवळा बेडूक बसलेला दिसला. मी हात पुढे केला. तो उडाला नाही. मी उचलला. त्याने पाय झाडले नाहीत.

मला अभिमान वाटला. हे लिहिताना मला त्या पंधरा वर्षांच्या पोरीचा कान पिळावासा वाटतो. धडधाकट बेडूक असा हाती येत नसतो, हे तिच्याइतकं तांड्यात कोणाला ठाऊक होतं? पण तिला मिरवायचं होतं.

याडीच्या जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन मी त्याला पाल्यात सैल बांधला. दोन बोटं आत जातील एवढी जागा सोडली. हळद लावली, कुंकू लावलं, आणि आम्ही निघालो. पहिल्या घरी पाणी, दुसऱ्या घरी पाणी. पाचवं घर जनाकाकीचं. तिने तांब्या तिरका केला, पाणी पाल्यातून निथळलं, आणि बेडकाचे दोन्ही पाय खाली लोंबले. पांढरं पोट वर. जनाकाकीने तांब्या तसाच धरून ठेवला, पाणी तिच्याच पायांवर सांडत राहिलं.

"मेली धोंडी," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "कशी बांधली वं तू?"

"सैल बांधली."

"सैल बांधली तर मेली कायनं?"

गाणं थांबलं होतं. पोरं मागे सरकली. दहा मिनिटांत तांड्यात झालं, पूनमने धोंडी मारली. आता पाऊस येत नाही. एका घराने सुपातले आपले दाणे परत मागून घेतले, ते मी विसरलेले नाही. दुपारी नायकाचा निरोप आला. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, साठीतला, कमी बोलणारा माणूस; त्याची पाच एकर पऱ्हाटी नदीकाठालाच होती. निरोप असा: ऊन कललं की मंदिरापुढे बैठक. पोरीने नारळ फोडावा, चुकलं म्हणावं, विषय संपला.

बा म्हणाला, "म्हनून टाक. एक नारळ तर आहे."

"माहं चुकलं नाही."

"मले माहीत आहे. पन लोकायचा जीव पऱ्हाटीत अडकला आहे. त्याईले कोनाचं तरी चुकलेलं पायजे."

"मंग ज्याचं चुकलं त्याचं नाव घ्या."

 याडीने रिकामी हंडी उचलली आणि मला म्हणाली, "चाल पान्याले." तांड्यात नळ होता, पण तो चार-चार दिवस यायचा नाही. तेव्हा बाया नदीच्या वाळूत झिरा उकरायच्या, म्हणजे हातभर खळगा करून त्यात झिरपलेलं पाणी वाटीने भरायच्या. आमचा झिरा म्हशीच्या डोहाच्या पंधरा पावलं खाली होता.

डोहावर दादा होता. पंप काठावर, झाकण उघडं, आणि तो डबीने पाणी भरत होता. आम्ही त्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिलो आणि पाण्यात पाहिलं. मी सकाळी इथे बेडूक शोधायला आले होते तेव्हा मी फक्त काठ पाहिला होता. आता मी पाणी पाहिलं. बेडूकमासे तळाशी पसरले होते, तांदूळ निवडताना खडे बाजूला काढावेत तसे, सगळे एका कडेला, पोटं वर. दोन-तीन गोल गोल फिरत होते, सरळ जाता येत नसल्यासारखे. पाण्यावर पांढुरकी साय होती. वास तर आमच्या दादाच्या शर्टाचाच होता, म्हणून इतके दिवस आम्हाला तो वास वाटलाच नव्हता.

"दादा, काल पंप इथंच धुतला?"

"रोजच धुतो. काहून?"

मी बोट दाखवलं. त्याने पाहिलं. त्याने डबी काठावर ठेवली. मग म्हणाला, "हे तर एका पंपानं होत नसते. सगळेच धुतात."

"सगळ्यायनं धुतला म्हनूनच झालं."

"माह्या नावानं काही लिहू नको पूनम. तुह्या डोक्यात आता कागद चालू झाला, मले दिसून राह्यलं."

त्याला बरोबर दिसलं होतं. याडी झिऱ्याशी वाकली होती. तिने वाटीभर पाणी काढलं, नाकाशी नेलं आणि वाटी हातात धरून डोहाकडे पाहत राहिली. मग डोहापासून झिऱ्यापर्यंत पावलं टाकत आली. पंधराच भरली. तिने पुन्हा एकदा भरून पाहिली. पंधराच.

मी वरच्या डबक्यापर्यंत गेले; तिथे मात्र जीव होता. वाळूचा बांध मधे होता म्हणून तिथे पंप पोचले नव्हते. बेडूकमासे काळेभोर, दाट. काहींना मागचे पाय फुटलेले. पण डबक्याच्या एका कडेला काळा पाइप आत गेला होता, आणि काठावर नायकाची मोटार घरघरत होती. पाणी पऱ्हाटीला चाललं होतं. सकाळची ओली रेघ मला काठावर स्पष्ट दिसत होती. पाणी तिच्यापासून वीतभर खाली गेलं होतं.

घरी येऊन मी पाठकोरा कागद घेतला. आधी मी चिडून चार पानं लिहिली, मग ती फाडली, मग बाचा नियम आठवून मोजक्याच ओळी लिहिल्या. बाला दाखवल्या. त्याने उभ्या उभ्याच वाचल्या.

"हे काढाचं नाही."

"चूक आहे का त्यात?"

"चूक नाही. पत्रक वर जात असते. हे तर आपल्याच घरात येऊन राह्यलं. आपल्या मानसाचं पत्रक काढत नसतात, त्याची समजूत काढत असतात."

"किती वर्षं काढली समजूत? डोह मरेपर्यंत?"

बाने कागद मला परत दिला. फाडला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. पण तो म्हणाला, "वाचशीन तर मी तुह्या बाजूला उभा राहनार नाही." तो खरं बोलणारा माणूस होता. तो उभा राहिला नाही.

आमच्या बैठकीची एक रीत आहे. ज्या घरचा प्रश्न, त्या घरचं पाणी. बैठक बसली की त्या घरातून तांब्या येतो, पहिला घोट नायक घेतो, मग बाकीचे. चूक काही का असेना, घर आपलंच आहे, असा त्याचा अर्थ. नायकाने पाणी घेतलं नाही तर त्या घराशी लग्न-मरणाचं येणं-जाणं तुटतं. म्हणून नायक ते पाणी घेतोच. मी कधी कोणाला नाही म्हणताना पाहिलं नव्हतं.

मंदिरापुढे पुरुष बसले, बाया ओट्याला टेकल्या. जनाकाकीने माझ्यापुढे नारळ ठेवला. मी तो उचलला नाही. मी उभी राहिले आणि कागद वाचला. तो कागद आजही माझ्याजवळ आहे, म्हणून शब्द तेच आहेत:

"म्हशीच्या डोहातले बेडूक इंदल राठोड आणि तांड्यातले सगळे फवारणीवाले यांनी मारले. इंदल माझा भाऊ आहे. ते डोहात पंप भरतात आणि धुतात. धोंडी त्याच डोहातली होती, ती विषाने मेली, गाठीने नाही. पंप डोहात धुणं आजपासून बंद झालं पाहिजे, रिकाम्या बाटल्या नदीत टाकणं बंद झालं पाहिजे. मी माफी मागणार नाही."

कोणीतरी हसलं. "बेंडकायची वकील झाली रे पोट्टी."

"फी काय घेते? माश्या?"

"इकडं पऱ्हाटी जळून राह्यली अन् हे बेंडूक घेऊन बसली."

मला बाने भाषण शिकवलं नव्हतं, फक्त लिहायला शिकवलं होतं. माझा आवाज फाटला, पण मी बोलले. म्हटलं, पाऊस मागायला तुम्हाला बेडूक लागतो ना? आज सकाळभर फिरून मला एक सापडला आणि तोही अर्धमेला. पुढच्या वर्षी मुसळाला काय बांधणार, औषधाची बाटली?

यावर हसू बंद झालं आणि राग सुरू झाला. बापाने डोक्यावर बसवून ठेवली, असं एक जण म्हणाला. बा मान खाली घालून बसला होता. आणि तेवढ्यात दादा उठला. मला वाटलं, आता हा मला सगळ्यांसमोर मारतो. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. कोपरापर्यंत कातडी लाल, सोललेली, मधे मधे पांढरी.

"लिहाचंच होतं तर हे बी लिहाचं होतं," तो मला म्हणाला. माझ्याकडेच पाहून, बाकीच्यांकडे नाही. "बेंडकायचं लिहिलं. भावाचे हात नाही दिसले तुले."

मी आजवर पुष्कळ टीका ऐकली. लिहिणाऱ्यांची, न लिहिणाऱ्यांची. त्या वाक्याइतकं खरं मला कोणी काही सुनावलं नाही. ते हात रोज माझ्या ताटाशेजारी जेवत होते.

नायकाने खाकरून सगळ्यांना गप्प केलं. "पोरीचं ऐकलं. आता नारळ फोड अन् मोकळी हो. पानी आना."

याडी तांब्या घेऊन आली. तिने तो नायकापुढे ठेवला आणि मागे सरली नाही. तिथेच उभी राहिली.

"झिऱ्याचं आहे," ती म्हणाली. "म्हशीच्या डोहाखालचा झिरा. आम्ही बाया रोज आनतो. तुमच्या घरी बी तेच जाते. घ्या."

नायकाने तांब्याला हात लावला आणि हात तिथेच राहिला. घोट घेतला तर ज्या पाण्यात बेडूक मेले ते पाणी पोटात. नाही घेतला तर आमचं घर तांड्यातून तुटलं, आणि का तुटलं हे सगळ्यांना माहीत. 

"मी घेतो," असं म्हणून बा पुढे झाला. याडीने त्याच्या हातावर चापट मारली, पोराच्या हातावर मारावी तशी. "तुमाले कोनं सांगतलं? ज्याचा मान त्यानं घ्यावं."

नायक उठला. त्याने तांब्या उचलला, दोन पावलं बाजूला गेला आणि पाणी मातीत ओतलं. मग रिकामा तांब्या याडीच्या हातात परत देत म्हणाला, "घर आपलंच आहे. पानी आपलं नाही." आणि खाली बसता बसता, "उद्यापासून पंप विहिरीवर. ड्रम भरून बैलबंडीवर न्या. डोहावर दिसला त्याचा पंप मी ठेवून घेतो." नारळाचं नाव त्याने काढलं नाही. जनाकाकीने तो उचलून पदराखाली घेतला.

इथे मी थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मोटारीचा शब्द बैठकीत कोणी काढला नव्हता. मीही नाही. माझ्या कागदावर भावाचं नाव होतं, नायकाच्या मोटारीचं नव्हतं, आणि का नव्हतं ते मला पक्कं ठाऊक होतं. भावावर लिहायला धाडस लागतं हे माझ्या मनाचं सोंग होतं. घरातल्यावर हात टाकणं नेहमीच सोपं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी नदीवर गेले. मोटार चालू होती. वरच्या डबक्याचं पाणी पोटरीपर्यंत उतरलं होतं आणि कडेचे बेडूकमासे चिखलात तडफडत होते. मी पाण्यात उतरले, पाइपचं जाळीचं तोंड धरून वर ओढलं आणि वाळूवर टाकलं. मोटार कोरडी किंचाळली. मी बटण दाबून ती बंद केली आणि पाइपवर बसले.

नायक वावरातून आला. हातात फावडं. "उठ."

"नाही."

"काल तुह्यासाठी सगळ्यायच्या पंपावर बंदी घातली. आज तू माह्या पाइपावर बसते?"

"याईले पाय फुटून राह्यले. आठ दिवस पायजे फक्त. मंग घ्या पानी."

"अन् माही पऱ्हाटी? तिले कोन सांगते, आठ दिवस थांब म्हनून?"

  पऱ्हाटी खोटी नव्हती, त्याची पाच एकर डोळ्यांसमोर करपत होती, आणि ती पिकली नाही तर त्याचं घर काय खाणार हे मला ठाऊक होतं. जे लोक शहरातून येऊन मला सांगतात की शेतकरी अडाणी आहे, त्यांच्याशी मी त्याच्यासाठी भांडते. पण त्या सकाळी मी त्याच्याशी भांडत होते, आणि पाइपवरून उठत नव्हते.

तो समोरच्या वाळूत बसला. फावडं आडवं ठेवलं. बिडी काढली, पेटवली नाही. "तुह्या बापानं तीस वर्षं कागद काढले," तो म्हणाला. "पन माह्यापुढं येऊन असा कधी बसला नाही."

"तुमी वरचे नाही म्हनून."

"मंग कोन आहो मी?"

"आमचेच," मी म्हटलं. "म्हनून तर आली."

तो डबक्याकडे पाहत राहिला. मी खालच्या डोहाकडे पाहत होते, आणि पाहता पाहता मला ते दिसलं जे कालच दिसायला हवं होतं.

"म्हशीच्या डोहात पानी आहे ना," मी म्हटलं. "त्यात आता जगाचं कोनी राह्यलं नाही. झिऱ्यावर बी कोनी जात नाही. ते घ्या पऱ्हाटीले. हे ठेवा."

"तितून पाइप पुरत नाही. मोटार हलवा लागते."

"हलवू."

"दोघं?"

"दोघं."

त्याने बिडी खिशात परत ठेवली. मोटार आम्ही आधी नेली, दर दहा पावलांवर टेकवत, तिच्या वजनाने दोघांचेही पाय वाळूत रुतत होते. मग पाइप. एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माझ्या. आत पाणी साचलेलं होतं, ते माझ्या बाजूने मानेवरून पाठीत उतरत होतं. वाळूच्या बांधावर नायक दोनदा थांबला, त्याला दम लागला म्हणून. दोन्ही वेळा त्याने आपलं टोक खाली ठेवलं आणि मला म्हणाला, ठेव पोरी, जरा दम खा. मी ठेवलं नाही.